शैलाच्या नावाचं मशीन

एप्रिल उजाडला की लोणंदला कांद्याचा वास सुटतो. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेली सालं रस्त्याच्या कडेला, गटारीच्या जाळीत, शाळेच्या पटांगणात, सगळीकडे भिरभिरत असतात. पातळ, तांबूस, वजन नसलेली. यंदाही सुटला. नववीच्या पेपरांचा गठ्ठा काखेत मारून घरी आले, तेव्हा माझ्या केसांत एक साल अडकलेली होती. ओट्याशी उभी राहून ती काढताना मला तो उन्हाळा आठवला. लग्नानंतरचा पहिला. आयुष्यात मी कुणावर सगळ्यात जास्त जळले असेन तर त्या उन्हाळ्यात, आणि तेही मेलेल्या एका बाईवर.

मी मूळची सांगलीची. आमचं घर हळदीच्या पेठेमागे, म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांनाही हळदीचा वास. आई लवकर गेली, मग वडील अंथरुणाला खिळले, आणि त्यांचं करता करता माझं लग्नाचं वय निघून गेलं. वडील गेल्यावर, एक्केचाळिसाव्या वर्षी, जयवंतरावांचं स्थळ आलं. हे सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते. निवृत्त झाल्यावर लोणंद स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. पहिली बायको शैला, रक्ताच्या कर्करोगाने तीन वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. मी मराठी शिकवते त्या संस्थेचं लोणंदलाही हायस्कूल आहे, त्यामुळे बदलीही सहज मिळाली. सांगलीला पुण्याच्या गाडीत बसले ती हळदीच्या वासातून निघाले आणि कांद्याच्या वासात उतरले.

घरात पाऊल टाकताना मी मनाची तयारी करून आले होते. तिचा हार घातलेला फोटो असेल, तिच्या हातचे डबे असतील, शेजारणी तिचं नाव काढतील. फोटो नव्हता. बैठकीच्या भिंतीवर, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ असा एक चौकोन तेवढा होता. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून यांनी तो आधीच उतरवून ठेवला होता. तो चौकोन बघून मला यांच्याबद्दल फार बरं वाटलं. वाटलं, चला, निभेल.

मग चार दिवसांनी मी मागच्या खोलीत गेले.

ती पत्र्याची खोली. आत टेबलावर एक मोठा काळा डबा, एका बाजूचं झाकण काढलेला, आतले पंखे घोंघावत असलेले. समोरच्या पडद्यावर रंगीत धाग्यांचा एक गुंता सावकाश स्वतःभोवती फिरत होता, लोकरीचा गुंडा कुणी पाण्यात सोडावा तसा. दुकानातलं काहीतरी दुरुस्तीला आलं असेल, असं मला वाटलं. वळणार तोच पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांतलं नाव दिसलं. शैला. आणि नावापुढे एक लांबलचक आकडा. मी बघत असतानाच तो आकडा बदलला. वाढला.

चार-पाच दिवस मनात घोळवत राहिले. मग एका सकाळी चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या खोलीतलं ते काय हो?"

"ते व्हय?" हे एकदम सरसावून बसले. यांना कुणी मशीनबद्दल विचारलं की यांचा चेहरा उजळतो. "ते कामाला लावलंय. शास्त्रज्ञांकडं लय मोठी मोठी गणितं असत्यात बघ. रोग कसा होतो, शरीरातली प्रथिनं कशी घडी घालत्यात, कुठं चुकत्यात. एका मशीनला ते गणित करायला जन्म पुरायचा न्हाई. मग ते त्याचे बारीक तुकडे करत्यात आणि जगभर वाटत्यात. ज्याचं मशीन रिकामं हाय, त्यानं एक तुकडा घ्यायचा, सोडवायचा, परत पाठवायचा. इंटरनेटवरनं सगळं आपोआप. जर्मनीत कुणी करतंय, जपानात कुणी करतंय, लोणंदात मी करतोय."

"फुकट?"

"सेवाच की. गुण तेवढे देत्यात."

"आणि नाव?"

यांनी कप खाली ठेवला. "ती पुण्याला दवाखान्यात होती, तवा चालू केलं. बाहेर बाकड्यावर बसून बसून काय करायचं? मला डाक्टरकी येत न्हाई, मशीन येतं. तिच्यासाठी चालू केलं म्हणून तिचं नाव टाकलं. मग ती गेली. मशीन बंद करायला हात झाला न्हाई."

मी मान डोलावली. चांगलं आहे म्हणाले. मनापासून म्हणाले, असं तेव्हा मलाही वाटलं.

नववीच्या पेपरात त्या वर्षी समानार्थी शब्दांत 'हेवा' आला होता. मुलांनी मत्सर लिहिलं, असूया लिहिलं, एकाने 'दुसऱ्याचा राग' लिहिलं आणि मी त्याला अर्धा गुण दिला. खरं तर हे शब्द समानार्थी नाहीतच. हेवा माणूस बोलून दाखवू शकतो; तुझ्या साडीचा हेवा वाटतो, असं आपण मैत्रिणीला हसून सांगतो. मत्सराचं तसं नाही. तो सांगता येत नाही, कारण सांगितला की आपणच उघडे पडतो. पंधरा वर्षं मी हे शब्द फळ्यावर लिहीत आले होते आणि त्यातला फरक मला त्या उन्हाळ्यात कळला.

फोटो असता तर मी त्याच्याशी जमवून घेतलं असतं. फोटोवर धूळ बसते, हार सुकतो, हळूहळू तो भिंतीचाच एक भाग होऊन जातो. ही बाई मात्र रोज काम करत होती. रोज तिला गुण मिळत होते. मी गुण देणारी, आणि माझ्याच घरात, मला न विचारता, कुणीतरी दूरदेशी बसून तिला गुण देत होतं. मी सकाळी उठायच्या आधी ती वाढलेली असायची. आणि हे रोज चहाच्या आधी मागच्या खोलीत जाऊन तिचा आकडा बघून यायचे. एकदाही चुकायचे नाहीत. कधी समाधानाने मान हलवायचे, तेवढंच. ते मान हलवणं मी दारातून बघायचे.

त्यात उन्हाळा चढला. घरात कूलर एक. दुपारी पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापायची आणि मशीन तापलं की आपोआप बंद पडायचं. म्हणून दुकानात जाताना हे कूलर मागच्या खोलीत ओढून ठेवायचे. मी बैठकीत, त्या उजळ चौकोनाखाली, पेपर तपासत बसायचे. घामाने मनगटाला कागद चिकटायचा, लाल शाई पसरायची. खिडकी उघडली की कांदा, मिटली की उकाडा. आणि मागच्या खोलीत गार वाऱ्यात शैला.

एका दुपारी मी पेन ठेवलं, उठले आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखे हळूहळू थांबले. पडद्यावरचा गुंता गेला, नाव गेलं. मी कूलर ओढत बैठकीत आणला, पेपर तपासले. छान झोपही काढली. पाचला उठून सगळं जागच्या जागी ठेवलं, बटण चालू केलं. सहाला हे आले, त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी इतकं उकडत नव्हतं. तरी मी बटण बंद केलं.

मग ते रोजचंच झालं. हे दुकानात गेले की मी शैलाला बंद करायची आणि हे यायच्या आधी चालू करायची. एकदा तर मुद्दाम तिथेच खुर्ची घेऊन बसले आणि काळ्या पडद्यात माझा चेहरा बघत राहिले. कसा दिसत होता, ते लिहिण्यासारखं नाही.

मशीनचं काम मागे पडायला लागलं. हे बुचकळ्यात. एका रविवारी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, गुडघे टेकून यांनी तो डबा पूर्ण खोलला. रंगकामाच्या मऊ ब्रशने पंख्याची पाती एकेक करून झाडली. दुकानातून नवा पंखा आणून बसवला. एवढ्या हलक्या हाताने यांना काही करताना मी पाहिलं नव्हतं. मी दाराला टेकून उभी होते.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"कळंना. काम मुदतीत पुरं होईना झालंय. मुदत गेली की ते तुकडा काढून दुसऱ्याला देत्यात. आजवर असं कवा झालं न्हाई. तिला..." हे थांबले. "त्याला काहीतरी झालंय."

तिला. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक इतकी तिंबली, इतकी तिंबली, की पोळ्या वातड झाल्या. मला लाज वाटत होती हे खरं. पण लाजेखाली कुठेतरी, शैलाचं काम दुसऱ्याला दिलं जातंय याचा आनंदही होत होता, हेही खरं.

मे महिन्याच्या सुरुवातीला शिराळ्याहून मामी आल्या. मामी म्हणजे शैलाची आई. डोळे दाखवायला पुण्याला भाच्याकडे निघाल्या होत्या, वाटेत एक दिवस जावयाकडे. येणार ते संध्याकाळी, असं ठरलं होतं. पण साताऱ्याला लगेच एस.टी. मिळाली आणि त्या भर दुपारीच दारात उभ्या. डोक्यावर पदर, हातात तांदळाची पिशवी, नऊवारीच्या काठावर सगळ्या रस्त्याची धूळ. मला बघून जरा थबकल्या. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो.

"तूच व्हय कल्पना?"

"हो मामी. या ना, आत या."

पाणी प्यायल्या, तांदूळ माझ्या हातात दिले. "आमच्या शेतातला हाय," म्हणाल्या. भिंतीवरच्या चौकोनाकडे त्यांनी एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "पावणं फोनवर सांगत हुतं, शैलीच्या नावानं मशीन चालतंय म्हनून. दिसरात चालतंय म्हनं. मला दाव की जरा."

मागची खोली शांत होती. कूलर बैठकीत होता, आम्ही दोघी त्याच्याच वाऱ्यात बसलो होतो. "तुम्ही दमला असाल, आधी जेवा," मी म्हटलं. पण त्या उठल्या होत्या.

खोलीत शिरून त्यांनी डब्याकडे बघितलं, काळ्या पडद्याकडे बघितलं. मग पुढे होऊन, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, डब्यावर हात ठेवला.

"गार हाय की गं."

मी काहीतरी सांगू शकले असते. वीज गेली होती, बिघडलंय, काहीही. त्यांना काय कळणार होतं? पण त्या हात तसाच ठेवून उभ्या होत्या आणि मला खोटं बोलता येईना.

"मी बंद करते," मी म्हटलं. "रोज. हे गेले की."

"का गं?"

"मला बघवत नाही, मामी. तिचं नाव."

मला वाटलं, आता पिशवी उचलून निघतील. त्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या.

"आमची शैली बी बंद करायची," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे न्हवं, ह्याच्या आदीचं. मिल्ट्रीतनं आलं तवापास्नं पावणं सारखं त्या डब्यातच. लय राग यायचा तिला. मला म्हनायची, आये, इतकी वर्सं सरहद्दीवरनं यायची वाट बगितली, आन् घरी आला तर ह्यो गडी डब्यात जाऊन बसला. मग ह्यो अंगुळीला गेला की बटान बंद करायची." त्या हसल्या, आणि हसता हसताच डोळे भरून आले. "आन् बग आता. तसल्याच डब्यावर तिचंच नाव."

मी खाली बसले, तिथेच फरशीवर. शैलाबद्दल मला कुणी सांगितलेली ती पहिली गोष्ट. तोवर ती माझ्यासाठी एक नाव आणि एक आकडा होती, आणि दोन्ही निर्दोष. आता तिला राग आला होता, तिने बटण दाबलं होतं.

"तुला एक सांगू का?" मामी म्हणाल्या. "पावण्यांनी दुसरं लगीन केलं म्हनून कळलं, तवा तीन दिस मला भाकरी गोड लागली न्हाई. माजी लेक मातीत आन् तिच्या चुलीपुढं दुसरी. तुला बगाया आले न्हाई ती त्याच्यापायी. आज बी पाय उचलत नव्हता."

मी उठून बटण चालू केलं. पंखे घोंघावायला लागले. गुंता आला, नाव आलं. मामींना वाचता येत नव्हतं. "कंचं तिचं?" त्यांनी विचारलं, आणि मी त्यांचं बोट धरून पडद्यावर त्या नावावर ठेवलं.

संध्याकाळी हे आले. सासूला बघून हरखले, पाया पडले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामी पुण्याला गेल्या. त्यांनी यांना काही सांगितलं नाही. म्हणजे सांगायचं माझ्यावर आलं.

त्यांना स्टेशनवर सोडून हे परत आले आणि चपला काढता काढताच मी सगळं सांगून टाकलं. कधीपासून, किती वेळ, सगळं. यांनी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती. ऐकून घेतलं. काढलेली चप्पल परत घातली आणि न जेवता दुकानात गेले. संध्याकाळी आले, हात-पाय धुतले, माझ्यासमोर बसले.

"मी मूर्खासारखा ब्रशनं झाडत बसलो हुतो."

"हो."

"तू दारात उभी हुतीस."

"हो."

"अगं, उकडत हुतं तर मला सांगायचं. मी दुसरा कूलर आणला असता."

"उकडत नव्हतं हो," मी म्हटलं. "जळत होतं."

यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला तीन महिने झाले होते. एवढं नीट आम्ही एकमेकांकडे त्याआधी बघितलं नव्हतं, असं मला वाटतं. मग हे म्हणाले, "नाव बदलू का? तुझं टाकू?"

त्या क्षणी मला ते हवं होतं. खरंच हवं होतं. पण तिचे सगळे गुण माझ्या नावावर? कॉपी करून पास झाल्यासारखं ते झालं असतं.

"तिचं तिला राहू द्या," मी म्हटलं. "मला वेगळं काढून द्या. पहिल्यापासून."

त्या पावसाळ्यात यांनी दुकानात बसून माझ्यासाठी नवं मशीन जोडलं. शैलाच्या मशीनपेक्षा याची चिप किती तरी वेगवान आहे, हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. बैठकीत, खिडकीखाली ते ठेवलं. खातं उघडलं. कल्पना. पुढे शून्य.

त्याला आता सहा वर्षं होत आली. शाळेतल्या बायकांना मी सांगते की विज्ञानाला आपला तेवढाच हातभार, आणि ते खोटं नाही. आजारी माणसांसाठी कुठेतरी काही होत असेल, त्यात लोणंदचा एक कण असेल, याचं बरं वाटतं. पण माझं मशीन सहा वर्षं अखंड चाललं ते केवळ तेवढ्यासाठी नाही. मला तिच्या पुढे जायचं होतं. मी रोज सकाळी आधी माझा आकडा बघते आणि मग तिचा. मधलं अंतर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. नागपंचमीला मामी शिराळ्याला बोलावतात, मी जाते. त्या माझी ओटी भरतात, जेवायला बसवतात, आणि शेजारच्या बायका मला 'शैलीच्या जागची' म्हणतात, तेव्हा दर वर्षी मी पानातला भात नुसता चिवडत राहते. तो मत्सर अजून सुटलेला नाही.

यंदा मार्चअखेर अंतर फारच कमी उरलं. महिनाभरात मी पुढे जाणार होते. आणि गेल्या आठवड्यात मागच्या खोलीतलं मशीन बंद पडलं. जळका वास आला, पंखे थांबले. यांनी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

"मदरबोर्ड गेला. म्हातारं झालं हुतं," हे म्हणाले. "राहू दे आता. तुझं चालू हाय की. काम तेच हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. पहिले दोन दिवस झालाही. तिचा आकडा थांबला आणि माझा धावत होता; वहीवर हिशेब केला तर अकरा दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी हे उठले, चहा घेतला आणि मागच्या खोलीत न जाता दुकानात निघून गेले. मी कप हातात धरून बसून राहिले. इतकं सहज? ज्या बाईवर मी सहा वर्षं जळले, ती यांच्यासाठी एका बोर्डाबरोबर संपते? मग माझं काय? उद्या माझं मशीन जळलं तर हे त्याचंही झाकण लावून 'राहू दे आता' म्हणतील?

पेपर तसेच टाकून मी दुपारी दुकानात गेले. हे एका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसले होते.

"शैलाचं मशीन दुरुस्त करा."

"अगं, त्याचा बोर्ड आता कुठं मिळतोय..."

"शोधा. सातारा, पुणे, कुठेही. बंद पडलेल्या माणसाच्या पुढे जाण्यात मला काही गोडी नाही."

यांनी डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे बघता बघता यांचा चेहरा कसातरीच झाला. "मला उघडवत न्हाई ते," हे हळूच म्हणाले. "झाकण लावलं ते त्याच्यासाठी. तुला काय वाटलं, मी टाकून दिलं व्हय?"

मी स्टूल ओढून बसले. बाहेरून कांद्याची गाडी गेली, दुकानात सालं आली. यांच्या एका ओळखीच्याकडे, कराडला, तसला जुना बोर्ड निघाला. काल तो आला. आज रविवार, आम्ही मागच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. हे स्क्रू काढत होते, मी वाटीत गोळा करत होते.

"कशी होती हो ती?" मी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

यांचा पेचकस थांबला. "शैला?" यांनी हातातला स्क्रू माझ्या वाटीत टाकला. "लय बोलायची. गाडीत बसलं की झोपायची. आणि पत्त्यात हरली की पत्ते फेकून द्यायची. दोन दिवस बोलायची न्हाई."

"स्वयंपाक?"

"भाकरी करपवायची."

मला इतकं बरं वाटलं, की ते लपवायला मला वाटीतले स्क्रू पुन्हा मोजावे लागले. मग बोर्ड बसला, तारा बसल्या, यांनी बटण मला दाबायला सांगितलं. मी दाबलं. पंखे फिरले. बराच वेळ काहीच झालं नाही, मग पडद्यावर तो रंगीत गुंता उमटला आणि कोपऱ्यात तिचं नाव. आम्ही दोघं बघत बसलो. पाऊण तासाने तिने पहिला तुकडा पुरा केला आणि आकडा हलला.

"चालली," हे म्हणाले, आणि या वेळी त्यांनी शब्द बदलला नाही.

"चालू दे," मी म्हटलं, आणि माझा आकडा किती झाला ते बघायला बैठकीत गेले.